झाडीतल्या कॅम्पस कोर्ससाठी इनोव्हाचा तीन डिस्कचा डीएक्स सेट

डिस्क गोल्फ म्हणजे फेकायची चकती कमीत कमी फेकींत प्रत्येक होलच्या बास्केटमध्ये, म्हणजे खांबावरच्या साखळ्यांच्या टोपलीत, टाकायचा खेळ. अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्यांच्या आवारात त्याचा कोर्स असतो आणि जिथे मोकळं मैदान कमी तिथे तो सरळ झाडीत घातलेला असतो. साउथ कॅरोलिनातल्या विन्थ्रॉप युनिव्हर्सिटीत तर १९९९ पासून या खेळाची यूएस चॅम्पियनशिप होते. साध्या कॅम्पस कोर्सवर बहुतेक ठिकाणी फी नसते, फक्त डिस्क आपल्या लागतात. पुण्या-मुंबईत अल्टिमेट (डिस्क एकमेकांकडे फेकत खेळायचा सांघिक खेळ) खेळून गेलेली मुलं तीच १७५ ग्रॅमची डिस्क घेऊन जातात. ती २७ सेंटिमीटर रुंद आणि हवेत रेंगाळणारी, त्यामुळे फांद्यांच्या फटीतून काढताना नाकी नऊ येतात. गोल्फची डिस्क २१ सेंटिमीटरच्या आसपास, कडेला धारदार. (म्हणूनच ती एकमेकांकडे फेकून झेलायची नाही. बोटं शेकतात.)

इनोव्हा या डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या या सेटमध्ये लेपर्ड (लांब फेकीची ड्रायव्हर), शार्क (मधल्या अंतराची) आणि अविआर (बास्केटजवळची) अशा तीन डिस्क येतात. किंमत साधारण पंचवीस-तीस डॉलर. प्रत्येक डिस्कचे चार आकडे असतात: वेग, तरंग (हवेत किती टिकते), सुरुवातीचं वळण आणि शेवटची ओढ. लेपर्ड ६, ५, -२, १. शार्क ४, ४, ०, २. अविआर २, ३, ०, १. उजव्या हाताने बॅकहँड मारला तर तिसरा आकडा जितका उणे तितकं उजवीकडचं वळण आणि चौथा वेग संपताना डावीकडे किती ओढेल ते. झाडीत हे चार आकडेच सगळा खेळ ठरवतात, कारण फटीच्या पलीकडे डिस्क कुठे वळणार हे माहीत नसेल तर फट सापडूनही उपयोग नाही.

सेटमधली कामाची डिस्क म्हणजे शार्क. नव्या माणसाचा हात ५०-६० मीटरच्या पुढे जात नाही, आणि तेवढ्यात ती सरळ जाऊन शेवटी थोडी डावीकडे बसते. ड्रायव्हर म्हणून लेपर्डच आधी काढावीशी वाटते, पण अरुंद वाटेवर ती पहिले काही दिवस पिशवीतच बरी. तिरकी सुटली तर जास्त लांब जाते आणि जास्त आत झुडपात शिरते. छोट्या होलवर टीवरूनही, म्हणजे पहिल्या फेकीच्या जागेवरूनही, अविआर मारा. चूक झाली तरी ती फार लांब जात नाही.

झाडीत नेम चुकण्याचं नेहमीचं कारण ताकद नसून डिस्कची पुढची कड वर राहणं हे असतं. कड वर असली की डिस्क चढते, वरच्या फांदीला लागते किंवा मध्येच थांबून डावीकडे कोसळते. मनगट किंचित खाली वळवा, डिस्क छातीच्या उंचीवरून ओढा आणि सोडताना फांद्यांकडे न बघता फटीतल्या लांबच्या एका खोडावर नजर ठेवा. पाऊण ताकद पुरते.

डीएक्स हे इनोव्हाचं सर्वांत स्वस्त प्लास्टिक. पकड उत्तम, ओल्या हातातही, पण झाडांवर आपटून कडेला खवले पडतात. लेपर्ड अशी झिजली की उजवीकडे आणखी वळू लागते. उजवीकडे हळू वळणाऱ्या वाटेला ते चालून जातं. शार्क झिजली की शेवटची ओढ कमी होऊन जवळजवळ सरळ जाते, यातही तोटा नाही. अविआर मात्र बास्केटजवळ वापरायची असल्याने ती झाडांवर आपटू देऊ नका. दुसरी एक अविआर सुटी घेऊन ती टीसाठी ठेवलेली बरी.

वजन खालच्या बाजूला पेनाने लिहिलेलं असतं. दीडशे ते एकशे पासष्ट ग्रॅमची हलकी डिस्क वाऱ्यात भरकटते, पण झाडीत वारा लागतच नाही, तेव्हा नव्यांनी हलकीच घ्यावी. रंगाचा विचार वजनाइतकाच करा. हिरवी उन्हाळ्यात दिसत नाही, पिवळी-नारिंगी पानगळीत हरवते. गुलाबी किंवा निळी दोन्ही ऋतूंत चालते. सेटमध्ये रंग निवडता येत नाही, हा या पाकिटाचा खरा दोष. खाली मार्कर पेनाने फोन नंबर लिहिला तर सापडलेली डिस्क लोक परत करतात.

सेटमध्ये मिनी मार्कर (जागा खुणावायची छोटी चकती) असेलच असं नाही, वेगळा घ्या. डिस्क जिथे थांबली तिथे तो बास्केटच्या बाजूच्या कडेला ठेवून मागून फेकायचं. फांद्या मोडणं नियमात बसत नाही आणि कॅम्पसवर तर बागकाम खात्याशी वाकडं घेऊ नये. बास्केटपासून १० मीटरच्या आतून फेकल्यावर तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. कॅम्पसवर पायवाटा बऱ्याचदा हद्दीबाहेर धरतात, म्हणजे एक फेक दंड. पायवाटेवर कुणी चालत असेल तर थांबा; झाडाआडून आलेली डिस्क त्यांना दिसत नाही.

उजवीकडे काटकोनात वळणारं होल आलं की हा सेट तोकडा पडतो. तिथे फोरहँडने मारायला ओढ जास्त असलेली डिस्क हवी, जसं की फायरबर्ड: ९, ३, ०, ४. पण बॅकहँड सरळ जाऊ लागेपर्यंत ती घेऊ नये. तोवर त्या होलवर शार्कने वळणापर्यंत एक फेक, तिथून दुसरी.