घड्याळ पुढे, की शाळा सकाळची?

उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायचं, की कामाच्या वेळाच अलीकडे ओढायच्या? पहिला प्रयोग देशात युद्धापायी १९४२ ते १९४५ मध्ये होऊन गेलाय. लंडनला उन्हाळ्यातला दिवस हिवाळ्यापेक्षा आठ-नऊ तासांनी मोठा, तिथं हा प्रयोग शोभतो. यवतमाळकडे फरक जेमतेम अडीच तासांचा. शिवाय संध्याकाळी वाढीव उजेड घेऊन करायचं काय? मे महिन्यात सात वाजताही ओट्यावरची फरशी चटके देते.

दुसरा मार्ग आमच्याकडे केव्हाचाच रुळलाय. ऊन तापलं की शाळा सकाळची होते. बाया फटफटताच पऱ्हाटी उपटायला वावरात, अकराला निंबाखाली शिदोरी सोडून बसलेल्या. बँक तेवढी जुन्याच वेळेला उघडते, हीच खोट. अन् कृषिपंपाची लाईन रात्रीची असली, तर दोन्ही उपाय सारखेच बिनकामाचे.