बेलोरा ते बिरसी: अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळाचा अनुभव

दोन विमानतळांची नावे घातली की त्यांच्यातील अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारे एक मोफत संकेतस्थळ पुतणीने मला दाखवले. ती गोंदियाला वैद्यकीय महाविद्यालयात शिकते आणि आम्ही अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्यात राहतो. त्यामुळे पहिली परीक्षा अमरावतीच्या बेलोरा विमानतळापासून गोंदियाच्या बिरसी विमानतळापर्यंतची घेतली जाणे ओघानेच आले. नुसते ‘अमरावती’ लिहिल्यावर संकेतस्थळ आंध्र प्रदेशातील अमरावतीकडे गेले. ‘बेलोरा’ लिहिले तेव्हा ते ताळ्यावर आले.

उत्तर मिळाले ते असे: अंतर सुमारे २८० किलोमीटर, म्हणजे १५० सागरी मैल, आणि वेळ ५० मिनिटे. अंतराबद्दल माझी तक्रार नाही, कारण अक्षांश-रेखांश घेऊन कागदावर गणित केले तेव्हा एक-दोन किलोमीटरच्या फरकाने तेच निघाले. मात्र हे पृथ्वीची गोलाई धरून काढलेले, आकाशातील सर्वांत जवळचे अंतर आहे. आमच्याकडे धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधावरून, वावरात गेले तर दहा मिनिटे लागतात आणि पांदणीने बैलगाडी नेली तर अर्धा तास. दोन्ही उत्तरे खरी, पण विचारणाऱ्याकडे बैलगाडी आहे की नुसता विळा, हे आधी ठाऊक असावे लागते. नागपूरवरून जाणारा रस्ता तीनशे किलोमीटरच्या पुढे जातो, याचा संकेतस्थळावर उल्लेखही नाही.

वेळेचा आकडा तर मला मुळीच पटला नाही. खाली बारीक अक्षरांत लिहिल्याप्रमाणे ताशी ८०० किलोमीटर वेग धरून त्यात उड्डाण आणि उतरणे यांसाठी अर्धा तास मिळवलेला आहे. हा वेग जेट विमानाचा. बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची सेवा सुरू झाली ती एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाने, आणि त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. त्या हिशोबाने हाच प्रवास तासाच्या थोडा वर जातो. त्यातही एवढ्या लहान टप्प्यात विमानाचा बराचसा वेळ चढण्यात आणि उतरण्यातच जातो, त्यामुळे पूर्ण वेगाने उडण्याचा काळ थोडाच उरतो.

खरी उणीव याहून मोठी आहे. या दोन विमानतळांमध्ये थेट विमानच नाही, आणि संकेतस्थळ ते सांगत नाही. बेलोऱ्याचे विमान मुंबईला जाते. बिरसीहून डिसेंबर २०२३ मध्ये सेवा सुरू झाली ती हैदराबादची. म्हणजे हवेतूनच जायचा हट्ट धरला, तर आधी पाचशेहून अधिक किलोमीटर उलट दिशेला मुंबई गाठावी लागेल आणि तेथून हैदराबादमार्गे गोंदियाला यावे लागेल. ५० मिनिटांचा आकडा वाचून माझ्या वडीलभावाने तर पुतणीला दिवाळीसाठी विमानाने बोलावण्याचा बेतही सांगून टाकला होता.

शाळेतील मुलांना भूगोल शिकवताना, किंवा दोन गावे नकाशावर किती दूर आहेत हे पाहताना, हे संकेतस्थळ उपयोगी आहे आणि त्यासाठी मी त्याला पाचपैकी तीन गुण देईन. प्रवासाचा बेत आखण्यासाठी एकही देणार नाही. पुतणीला भेटायला मी नेहमीप्रमाणे बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली. ती गाडी थेट गोंदियाला पोचते.