मसाई माराच्या गेटवर कळलं, आमचे पैसे कुणी भरलेच नव्हते

केनियाच्या पक्षी-टूरसाठी दिलेले माझे आणि माझ्या जाऊबाईंचे मिळून ४,७०,००० रुपये गेले. वर मसाई मारा या तिथल्या अभयारण्यात पोचल्यावर १,१४० डॉलर पुन्हा मोजले, आमच्या कार्डाच्या भावाने ९६,३३० रुपये. वकील म्हणतात टूर विकणाऱ्याचं नाव घालू नका, म्हणून घालत नाही. पण हिवाळ्यात आमच्या नाशिककडच्या नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी त्या गृहस्थाला पाहिलंय. मोठी लेन्स, मृदू बोलणं, आणि कुठलाही बदक-चिखल्या दाखवा, नाव अचूक सांगणार. पक्ष्यांचं खरं ज्ञान असलेला माणूस लबाड असेल असं मनात येत नाही हो. तुमच्याही आलं नसतं.

लोभ नडला म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. माणशी २,३५,००० म्हणजे काही सेलमधला भाव नव्हे. कार्यक्रम असा: नैवाशा आणि बारिंगो तलाव, काकामेगाचं जंगल, मग ऑगस्टमध्ये मारा, विल्डबीस्टच्या स्थलांतराच्या ऐन हंगामात. सोबत सिल्व्हर बॅजवाला, म्हणजे तिथली गाइडची परीक्षा पास झालेला पक्षी-गाइड. मार्चमध्ये १,००,००० दिले, मेमध्ये २,७०,००० एनईएफटीने, आणि जुलैत उरलेले १,००,००० ‘पार्कचे पैसे आगाऊ भरायचेत, आजच पाठवा’ म्हणून घाईघाईने.

आता ते पत्रक. त्याच्या पहिल्या पानावर शूबिल होता. मारातल्या पिवळ्या गवताच्या फोटोवर चिकटवलेला शूबिल! हा पक्षी पपायरसच्या दलदलीतला. तो बघायला लोक युगांडात एंटेबेजवळच्या माबांबाला होडीतून जातात. हे मला माहीत होतं. मी मेसेजही केला, ‘सर, हा मारात कुठून आला?’ उत्तर आलं, ‘मॅडम, ते डिझायनरचं काम, तुमची नजर मात्र तयार आहे हं.’ आणि मी खूश झाले. त्या एका वाक्याची चीड पैशांपेक्षा जास्त येते. खरं तर आपल्याकडे टूरच्या पत्रकांवर काय वाट्टेल ते छापतात, अष्टविनायकाच्या पत्रकावरही आल्प्स दिसेल, म्हणून सोडून दिलं. पण त्याच पानावर खाली ‘मारा पार्क फी ८० डॉलर, समाविष्ट’ असं होतं. तो जुना दर. १ जुलै २०२४ पासून परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर पडतात, आणि तिकीट चालतं बारा तास. तीन दिवसांचे दोघींचे फक्त पार्कचेच १,२०० डॉलर होतात. हा आकडा बघायला मला पाच मिनिटं लागली असती. मी शूबिलवर अडले आणि त्याच्या खालच्या ओळीवरून पुढे गेले.

मी जन्मभर कॉमर्सच्या मुलांना अकाउंट्स शिकवलं, हे लिहायचं नव्हतं. पण टीसीएसचं, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून आगाऊ गोळा करायच्या आयकराचं, सांगितल्याशिवाय राहवत नाही. परदेशी टूर विकणाऱ्याने तेव्हा सात लाखांपर्यंत ५ टक्के टीसीएस गोळा करायचा असा नियम होता. हा म्हणाला, ‘तुमचे २३,५०० वाचवतो, बिल नंतर बघू.’ अहो, टीसीएस आपल्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना वळता होतो. त्यात वाचायचं काय? जो टीसीएस घेत नाही, त्याच्या वहीत तुमची टूरच नाही. पैसेही कंपनीच्या खात्यात गेले नाहीत, एका बाईच्या बचत खात्यात गेले. ‘मिसेसचं आहे, जीएसटीचं काम चालू आहे.’ घरगुती माणसं वाटली, काय करणार.

विमानाची तिकिटं खरी निघाली, नैवाशाचं हॉटेलही. तिथेच ड्रायव्हरला विचारलं, बारिंगोला किती वाजता निघायचं? त्याने बारिंगोचं नावही ऐकलं नव्हतं, म्हणजे या टूरसंदर्भात. त्याला व्हॅनचं भाडं आणि डिझेल तेवढं मिळालं होतं. बॅजवाला गाइड नव्हताच. माराच्या सेकेनानी गेटवर ड्रायव्हर खाली उतरून गेला आणि परत येऊन खिडकीशी म्हणाला, ‘ममा (तिकडे बाईमाणसाला असंच म्हणतात), तुमच्या नावावर काही भरलेलं नाही.’ गेटबाहेरच्या बाभळीवर लिलॅक-ब्रेस्टेड रोलर बसला होता, आपल्या नीलपंखाचा भाऊबंद, जन्मात पहिल्यांदा पाहत होते. मी दुर्बीण उचललीसुद्धा नाही. टूरवाला फोनवर म्हणाला, ‘नेटवर्क इश्यू, तासाभरात करतो’, मग फोन बंद. तीनऐवजी दोनच दिवसांचे ८०० डॉलर आम्ही भरले, कॅम्पचे ३४० वेगळे, कारण तिथेही आमचं बुकिंग नव्हतं. कोरी बस्टर्ड दिसला, सेक्रेटरी बर्ड दिसला. जाऊबाई दर पक्ष्यामागे ‘हा कितीला पडला’ विचारत होत्या.

कॅम्पला स्वतः ईमेल करा. टूरवाल्याचं व्हाउचर कितीही रंगीत असो, कॅम्प ‘हो, तुमच्या नावाने खोली आहे’ म्हणेपर्यंत दुसरा हप्ता देऊ नका.

परत आल्यावर पोलीस स्टेशन. ‘बाई, विमानात बसवलं ना? मग हे सिव्हिल मॅटर.’ गुन्हा केनियात घडला. नाही, पैसे घेणारा ठाण्याचा, तिकडे जा. ठाण्यात म्हणाले पैसे नाशिकहून गेले, तिकडे जा. सायबरवाले म्हणाले, ओटीपी चोरला नाही, तुम्ही हाताने पाठवले. मग एक तरुण साहेब भेटले, त्यांनी वेगळाच प्रश्न काढला: मार्च आणि मेचे पैसे जुन्या कायद्याखाली, कलम ४२०, जुलैचे १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या न्याय संहितेखाली, कलम ३१८. आता एक तक्रार की दोन? यावर चहा झाला, निर्णय झाला नाही. हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यायची हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय, मी प्रिंट काढून नेला होता. ‘ते आम्हाला माहितीये,’ म्हणाले आणि प्रिंट मला परत दिला. बँकेने खातेदारणीचा पत्ता द्यायला नकार दिला, गोपनीयता म्हणे. माझ्या ४,७०,००० ची गोपनीयता कुणी राखली?

पैसे गेल्याचं लगेच कळलं तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आम्हाला कळलं तोवर खातं रिकामं होतं. केनियातला ऑपरेटर कोण ते आधी लेखी मागा, आणि त्याचं नाव तिथल्या सरकारी टुरिझम रेग्युलेटरी ऑथॉरिटीच्या परवानाधारकांत किंवा ‘काटो’ या टूर ऑपरेटर संघटनेच्या यादीत शोधा. गाइडचा बॅज ब्राँझ, सिल्व्हर की गोल्ड, नंबर काय, विचारा. खरा गाइड नंबर सांगायला लाजत नाही. आणि ‘आजच पाठवा’ म्हटलं की उद्या पाठवा.

शेवटी ग्राहक आयोगात गेले. २०१९ च्या कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असली तर फी लागत नाही. त्याच्या वकिलाने लेखी म्हणणं मांडलंय की ही टूर नव्हतीच, ‘मित्रमंडळींची सहल’ होती, खर्च वाटून घेतलेला. सांगली आणि पुण्याच्या ज्या मंडळींनी त्याच बचत खात्यात पैसे भरलेत, त्यांनी लाज सोडून आपापल्या जिल्ह्यात तक्रार टाकावी, चॅट डिलीट करू नयेत, आणि बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह काढून ठेवावं. इतके मित्र एका माणसाला कसे, ते आयोगालाच ठरवू दे.