माउसचं चाक कुठे कसं फिरतं: ऑडिओ एडिटिंगसाठी विंडोज, मॅक की लिनक्स?

भाचीचा फोन आला, "मामा, मॅक घेऊ की आहे तोच विंडोजचा लॅपटॉप ठेवू?" ती दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत जाऊन शेतकऱ्यांच्या मुलाखती रेकॉर्ड करते आणि गंगापूर रोडवरच्या घरी बसून त्या कापते. एम. जी. रोडवरच्या दुकानदाराने तिला रॅम, एसएसडी, बॅटरी सगळं समजावलं होतं. मी विचारलं, चाकाचं काय? तिला वाटलं मी गाडीबद्दल बोलतोय.

गंमत नाही. दोन तासांचं रेकॉर्डिंग म्हणजे ७,२०० सेकंद. १,९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर ते पूर्ण दिसेल असं ठेवलं, तर एका पिक्सेलमध्ये पावणेचार सेकंद जातात. माणसाचा खोकला, "म्हणजे", "ते आपलं" आणि मागून गेलेला ट्रॅक्टर, सगळं एका उभ्या रेघेत. त्यामुळे दिवसभर एकच काम चालतं: आत जा, कापा, बाहेर या, पुढे सरका. हे सगळं चाकावर होतं. ते हाताला उलटं पडलं की तासाचं काम दोन तासांवर जातं, आणि चूक कुणाची ते कळतही नाही.

मशीनआधी ऑडिओ कापायच्या प्रोग्रामचं, म्हणजे एडिटरचं बघू, कारण खरा फरक तिथून सुरू होतो. ऑडॅसिटीत नुसतं चाक फिरवलं तर ट्रॅक वर-खाली सरकतात. शिफ्ट दाबून फिरवलं तर आडवं पुढे-मागे जाता येतं, आणि कंट्रोल दाबून फिरवलं तर झूम. आर्डर नावाच्या दुसऱ्या एडिटरची पद्धतही साधारण अशीच. रीपर या तिसऱ्या एडिटरमध्ये मात्र नुसतं चाक म्हणजेच आडवा झूम. कंट्रोलसह उभा झूम, ऑल्टसह आडवं सरकणं. एकच ट्रॅक असलेल्या मुलाखतीत ट्रॅक वर-खाली सरकवायची गरजच काय? म्हणून मला रीपरची मांडणी पटते: सगळ्यात जास्त लागणारं काम एकाही बटणाविना होतं. पण ऑडॅसिटीतून नव्याने आलेला माणूस पहिले दोन दिवस शिव्या घालतो, हेही खरं. दुसरी गोष्ट म्हणजे रीपरमध्ये चाकाचं प्रत्येक काम ॲक्शन्सच्या, म्हणजे त्याच्या आज्ञांच्या, यादीतून बदलता येतं. ऑडॅसिटीत कीबोर्डचे शॉर्टकट बदलता येतात, चाकाचे नाहीत.

आता मशीन. विंडोजमध्ये साध्या माउसच्या चाकाचा एक टक् म्हणजे १२० हा ठरलेला आकडा. हळू फिरवा की जोरात, टक् तेवढेच मोजले जातात. झूमसाठी हे वरदान आहे. तीन टक् आत, तीन टक् बाहेर, की तुम्ही पुन्हा होता तिथेच. डोळे मिटूनही हात जमवून घेतो. विंडोज १० पासून आणखी एक बदल झाला: ज्या खिडकीवर कर्सर आहे तिथे चाक चालतं, ती आधी क्लिक केलेली नसली तरी. सोय आहे, पण तिचा एक तोटा पुढे सांगतो.

मॅकवर चाकाला वेग कळतो. सावकाश फिरवलं तर इंचभर, झटक्यात फिरवलं तर थेट शिवारापलीकडे. वेब पानं वाचताना हे छान वाटतं. झूम करताना मात्र श्वासाच्या जागी जायचं असतं आणि तुम्ही एखाद्या अक्षराच्या पोटात जाऊन पडता. शिवाय २०११ च्या लायन या मॅकच्या आवृत्तीपासून तिथे 'नॅचरल' स्क्रोलिंग चालू असतं, म्हणजे दिशा उलटी, आणि बहुतेक ठिकाणी त्याबरोबर झूमची दिशाही उलटते. ते बंद करता येतं, पण अडचण अशी की माउससाठी बंद केलं की ट्रॅकपॅडसाठीही बंद होतं. दोन्ही वापरणाऱ्याने स्क्रोल रिव्हर्सरसारखं छोटं टूल टाकून दोन्हींची दिशा वेगळी करावी. कंट्रोलची जागा तिथे कमांड घेते. विंडोजच्या सवयीने बोट कंट्रोलवर गेलं आणि ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमधला झूम चालू असला, तर वेव्हफॉर्म (आवाजाचा नागमोडी आलेख) राहतो बाजूला आणि अख्खा पडदाच मोठा होतो. शिफ्ट दाबून फिरवलेलं चाक मॅक स्वतःच आडवं करून पुढे देतो, म्हणून शिफ्ट-चाकावर स्वतःचं वेगळं काम बसवायच्या भानगडीत पडू नये.

एवढं ऐकून मॅक वाईट असं वाटेल, पण तसं नाही. माउस बाजूला ठेवून ट्रॅकपॅडवर दोन बोटांनी आडवं सरकताना जी सहजता येते, ती विंडोजच्या स्वस्त टचपॅडवर मला कधी मिळाली नाही. प्रवासात, मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करणाऱ्याने मॅकचा विचार जरूर करावा. ॲपलच्या मॅजिक माउसला मात्र चाकच नाही, वर नुसता स्पर्श. बोट उचललं तरी स्क्रोल थोडा वेळ घरंगळत राहतो, आणि त्याच क्षणी कमांड दाबली तर काही प्रोग्राम त्या घरंगळण्याचाच झूम करून टाकतात. कापाकापीसाठी साधा, टक्-टक् वाजणारा माउस बरा.

लिनक्सवर जुना लॅपटॉप जिवंत ठेवता येतो, हा त्याचा मोठा गुण. नोम आणि केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये माउस आणि टचपॅडची दिशा वेगवेगळी ठेवता येते, म्हणजे मॅकवरचं रडगाणं इथे नाही. पण डेस्कटॉपनुसार वागणं बदलतं. एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपमध्ये ऑल्ट दाबून चाक फिरवलं की अख्खा पडदाच मोठा होतो, आणि रीपरला आडवं सरकायला नेमकं ऑल्ट-चाकच हवं असतं. दोघांतल्या एकाला गप्प करावं लागतं. मी रीपरमधलं बदलतो, कारण ते एका मिनिटात होतं. आणि ॲडोबी ऑडिशन या एडिटरवरच जीव असेल तर लिनक्सचा विषय इथेच संपला, ते तिथे मिळत नाही.

आता विंडोजच्या त्या सोयीचा राहिलेला तोटा. कर्सर असेल तिथे चाक चालतं, म्हणजे वेव्हफॉर्म सरकवताना कर्सर चुकून आवाजाच्या फेडरवर, म्हणजे आवाज ठरवणाऱ्या सरकपट्टीवर गेला तर आवाज कमी-जास्त होतो. एका व्याख्यानाच्या रेकॉर्डिंगमध्ये माझ्याच हाताने असं झालं होतं, आणि ते पाठवून झाल्यावर समोरच्याने विचारलं, "वक्ते दमले होते का हो?" तेव्हापासून नवं मशीन हाताशी आलं की रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन फेडरवर चाक चालू नये ही खूण आधी करतो.

मग घ्यायचं काय? भाचीला मी सांगितलं: तुझं सगळं काम माउसवर आणि एकाच लॅपटॉपवर होतं, ऑडॅसिटीत कंट्रोल आणि शिफ्ट बोटांत बसलेत, तर विंडोजच ठेव. घरी एक मशीन आणि मित्राच्या स्टुडिओत दुसरं, असं असेल तर रीपर घे. ते तिन्हीकडे चालतं, ६० दिवस वापरून बघता येतं, छोट्या कामासाठीचं लायसन्स ६० डॉलरला आहे आणि चाकाची मांडणी एका फाइलमध्ये काढून दुसऱ्या मशीनवर टाकता येते. मॅकच हवा असेल तर दुकानात उभं राहून गाणी वाजवून बघू नको. पेन ड्राइव्हवर तुझी एक लांब मुलाखत ने, स्वतःचा माउस ने, तिथे एखादा एडिटर टाकू देतात का विचार, आणि एकच श्वास दहा वेळा शोधून काप.

तिने विचारलं, "टाकू दिला नाही तर?" मग इंदिरानगरला माझ्याकडे ये. माझा जुना मॅक मिनी आहे, चहाही मिळेल.