वृद्धसेवेची ऑनलाइन यादी : कोल्हापूरकरांना कितपत उपयोगी?

वृद्धाश्रम, शुश्रूषा केंद्रे आणि घरी येणारे मदतनीस यांची जिल्हावार माहिती देणाऱ्या एका खासगी संकेतस्थळाबद्दलचा हा अभिप्राय आहे. पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसाठी आम्ही ते वापरले. त्याचे नाव मुद्दामच देत नाही, कारण अशा बहुतेक सेवांची घडण सारखीच असते.

संकेतस्थळ मराठीत आहे, नकाशा नीट चालतो, आणि निवडलेली यादी पुण्यातल्या दिरांना व्हॉट्सअॅपवर पाठवता आल्यामुळे घरातली चर्चा ऐकीव गोष्टींवरून न होता समोरच्या माहितीवरून झाली. एरवी ही चौकशी रुग्णालयाच्या आवारात किंवा राजारामपुरीतल्या एखाद्या औषधांच्या दुकानात तोंडी करावी लागते. मात्र 'कोल्हापूर' निवडूनही पुण्यातल्या संस्था आधी दिसतात, आणि गडहिंग्लज किंवा चंदगडकडच्या कुटुंबाला या यादीतून जवळपास काहीच हाती लागत नाही.

खरी उणीव दरांच्या माहितीत आहे. प्रत्येक संस्थेपुढे 'अमुक रुपयांपासून' असा एकच आकडा दिलेला असतो, आणि तो स्वतःच्या पायांनी जेवायला येऊ शकणाऱ्या माणसाचा असतो. नाकातून नळी असलेल्या, लघवीची पिशवी लावलेल्या किंवा दर दोन तासांनी कूस बदलावी लागणाऱ्या रुग्णाला घेतात का, घेतल्यास वाढीव किती, डायपर आणि औषधे कोणाच्या खर्चाने, रात्री किती माणसे कामावर असतात, अपरात्री तब्येत बिघडल्यास कोणत्या रुग्णालयात नेतात, आणि रुग्ण महिन्याच्या मध्येच दगावल्यास अनामत रक्कम परत मिळते का, यांपैकी एकाही प्रश्नाला तिथे रकाना नाही. बागेची आणि देवघराची छायाचित्रे मात्र भरपूर आहेत. मांसाहारी जेवण मिळते की नाही, हेही कळत नाही. आयुष्यभर तांबडा-पांढरा जेवलेल्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न किरकोळ मानू नये.

ताऱ्यांवर तर मुळीच विसंबू नये. पाच तारे देणारे अभिप्राय वाचत गेल्यावर लक्षात येते, की त्यांतले पुष्कळसे मुलाच्या वाढदिवशी अन्नदान करून गेलेल्या देणगीदारांचे आहेत. त्यांनी तासभर पाहिलेली संस्था खरोखरच नीटनेटकी असेल, पण तिथे ठेवलेल्या माणसाच्या पाठीला जखमा झाल्या का, हे त्यांना कसे ठाऊक असणार? अमेरिकेत केंद्र सरकारच १९९८ पासून शुश्रूषागृहांची तुलनात्मक माहिती ऑनलाइन देते आणि २००८ पासून त्यांना तारेही देते. ते तारे पाहुण्यांच्या समाधानावर नव्हे, तर तपासणीचे निष्कर्ष, कर्मचाऱ्यांचे प्रमाण आणि रुग्णसेवेचे निकष यांवर ठरतात. सुरुवातीला कर्मचाऱ्यांचे आकडे संस्थाच सांगत असत. पुढे ते पगारपत्रकाच्या नोंदींतून घेतले जाऊ लागले, आणि आता शनिवार-रविवारी किती माणसे कामावर असतात हेही तिथे पाहता येते. आपल्याकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय असलेला वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद आहे, पण ग्राहकाने दोन संस्था शेजारी ठेवून पाहाव्यात असे तपासणीचे निष्कर्ष त्याला कुठे सापडत नाहीत.

घरी येणाऱ्या मावशींचा विभाग त्यामानाने बरा आहे. बारा तासांचे आणि चोवीस तासांचे दर वेगळे दाखवले आहेत आणि पोलीस पडताळणी झाली आहे का, याची नोंद आहे. जोतिबाच्या यात्रेला किंवा गावच्या म्हाईला मावशी चार दिवस गेल्या तर मावशी पुरवणारा ब्यूरो बदली माणूस देणार की नाही, हे मात्र फोनवरच विचारावे लागते.

फोनचे म्हणाल, तर दिलेला क्रमांक संस्थेचा नसून कंपनीच्या कॉल सेंटरचा आहे. तिथे एकदा नाव नोंदवले की निरनिराळ्या ब्यूरोंचे फोन सुरू होतात. काही संस्थांपुढे 'आयुष्मान कार्ड चालते' असे लिहिलेले आहे, तेही दिशाभूल करणारे आहे, कारण ७० वर्षांवरील सर्वांना मिळणारे वार्षिक ५ लाखांचे संरक्षण रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, वृद्धाश्रमाच्या मासिक शुल्कासाठी नाही. निव्वळ माहिती हवी असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन विनामूल्य आहे.

नावांची पहिली यादी करण्यापुरते हे संकेतस्थळ वापरावे आणि पैसे भरण्यापूर्वी वरचे सगळे प्रश्न घेऊन संस्थेत जावे, शक्यतो रविवारी संध्याकाळी, जेवणाच्या वेळी. वाढीव शुल्काचा तपशील आणि अनामत परतीची अट लेटरहेडवर लिहून मागावी. आम्हाला असा कागद न कुरकुरता देणारी संस्था शहराबाहेरची, अगदी साधी निघाली, आणि या यादीत तिचे नावच नव्हते.