मुलांच्या उंचीचा फळा: ब्लॅकबोर्ड पेंट घ्यावा का?

भिंतीच्या खालच्या भागात प्रत्येक मुलासाठी लिहायची जागा करायची असेल, तर ब्लॅकबोर्ड पेंटइतका उपयोगी आणि स्वस्त माल दुसरा नाही. पण हा रंग माफ करत नाही. एकदा लागला की पट्टा पुढे-मागे सरकत नाही, आणि चूक झाली तर खरवडूनच काढावी लागते. म्हणून त्याचं खरं परीक्षण डबा उघडण्याआधीच, मुलांसोबत होतं.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. शाळेची इमारतच शिकण्याचं साधन व्हावी, हा ‘बाला’ उपक्रमाचा विचार. दिल्लीच्या ‘विन्यास’ संस्थेने तो युनिसेफच्या साहाय्याने विकसित केला आणि पुढे तो अनेक जिल्हा परिषद शाळांपर्यंत पोचला. तरी बऱ्याच ठिकाणी खालचा फळा मुलांना न विचारता, पेंटरच्या सोयीच्या उंचीवर रंगवलेला दिसतो. मग पहिलीतली मुलं टाचा उंचावून लिहितात आणि खिडकीसमोरचा तुकडा चकाकतो म्हणून वर्षभर कोराच राहतो.

उंची मुलांनीच ठरवावी. प्रत्येकाने भिंतीशी उभं राहून हात सहज पोचेल तिथे एक आणि कोपर वाकवून आरामात लिहिता येईल तिथे एक, अशा दोन खुणा खडूने कराव्यात. पहिली-दुसरीच्या वर्गात पट्टा साधारण जमिनीपासून ४५ सेंमी ते १२० सेंमी एवढ्यात बसतो. रुंदी माणशी ५० सेंमी धरावी, त्याहून कमी ठेवली तर कोपराला कोपर लागतो. २४ मुलांना १२ मीटर लांबी लागेल. हे गणित वरच्या वर्गातली मुलं स्वतः मांडू शकतात: १२ मीटर लांबी गुणिले ०.७५ मीटर उंची म्हणजे ९ चौरस मीटर, दोन हातांचे १८. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर रंग एका हाताला ८ ते १० चौरस मीटर पुरतो, म्हणजे दोन लिटर.

आता मास्किंग टेपने पट्ट्याची बाह्यरेषा चिकटवून ती आठवडाभर तशीच ठेवावी. या एका पायरीवर कंजुषी करू नये. उघड्या दारामागे गेलेली जागा, दप्तरांची गर्दी, सकाळी अकराला पडणारी तिरीप, हे सगळं मुलांना त्या आठवड्यात दिसतं आणि टेप उचलून दुसरीकडे लावता येते. जागा निवडताना हात वर करून मतदान घेऊ नये, कारण दोन-तीन मोठ्या आवाजाची मुलंच वर्ग ठरवतात. प्रत्येक पर्यायासाठी एक डबा ठेवावा आणि प्रत्येकाने त्यात गुपचूप एक चिंचोका टाकावा. जागेवर मुलांची नावं मात्र रंगवू नयेत. पुढच्या जूनला वर्ग बदलतो.

आता रंगाबद्दल. तेलाधारित ब्लॅकबोर्ड पेंट टिकतो, पण टर्पेंटाइनच्या वासामुळे ते काम मोठ्यांनीच, मुलं घरी असताना आणि खिडक्या उघड्या ठेवून करावं. पाण्यात मिसळणारा प्रकार वरच्या वर्गातली मुलं स्वतः लावू शकतात, तो मात्र रोजच्या पुसण्याने लवकर झिजतो. रोजच्या वापराच्या पट्ट्यासाठी तेलाधारितच घ्यावा. डब्यावर शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसल्याचा उल्लेख पाहावा. भारतात घरगुती रंगांना ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. दुकानदार काळा ऑइलपेंट ‘तेच आहे’ म्हणून देतो, तो घेऊ नये. तो चकाकतो आणि खडू त्यावरून घसरतो.

बिघडतं ते बहुतेक भिंतीमुळे. चुना किंवा भुकटी सुटणाऱ्या डिस्टेंपरवर थेट रंग दिला तर पोपडे धरतात. आधी पत्र्याने खरवडावं, खड्डे पुट्टीने भरून १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावं, धूळ पुसावी आणि प्रायमर द्यावा. नव्या प्लास्टरला किमान २८ दिवस सोडावेत. ओल तपासणं हे मुलांचं काम: फूटभर प्लास्टिक चारही कडांनी टेपने बंद करून २४ तास ठेवायचं. आतून थेंब जमले किंवा भिंत काळपटली, तर थांबायचं. पावसाळ्यात म्हणूनच हे काम काढू नये. आखणी पहिल्या सत्रात व्हावी आणि भिंत सुकली असेल तर रंग दिवाळीच्या सुट्टीत.

डब्याच्या तळाशी चकाकी घालवणारी भुकटी बसते. ती तळापासून पाच मिनिटं ढवळली नाही, तर अर्धा पट्टा चकचकीत आणि अर्धा खरखरीत होतो. रंग पातळ करायला घातलेलं टर्पेंटाइन रंगाच्या दहाव्या भागाहून जास्त नको. ब्रशपेक्षा चार इंची फोम रोलर बरा, कारण त्याचे पट्टे उठत नाहीत. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्यावी आणि शेवटच्या हातानंतर तीन दिवस कुणी भिंतीला हात लावू नये.

मग मुलांचा सर्वांत आवडता भाग. खडू आडवा धरून सगळा पट्टा पांढरा करायचा आणि कोरड्या कापडाने पुसायचा. हे चुकवलं तर पहिलं अक्षर कायमचं पुसट उरतं. पहिला आठवडा ओलं फडकं लावू नये.

खडूसाठी दोन इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून पट्ट्याखाली पन्हळीसारखा बसवावा. कडा घासून बोथट केल्याच पाहिजेत.

भिंत दरवर्षीच ओलावत असेल, तर हा रंग तिच्यावर वाया घालवू नका. आठ बाय चार फुटी प्लायवूड लांबीत मधोमध कापून दोन फळ्या कराव्यात, प्रायमर लावून त्याच रंगाचे दोन हात द्यावेत आणि लाकडी ठोकळ्यांवर भिंतीपासून बोटभर अंतर ठेवून बसवाव्यात.