आरए फॅक्टर की अँटी-सीसीपी? सांधेदुखीच्या तपासण्यांचा पैसा आधी कुठे घालावा

कोल्हापुरातल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतोच. हातातल्या चिठ्ठीवर 'आर्थ्रायटिस प्रोफाईल' लिहिलेलं असतं आणि चिठ्ठी धरणारी बोटं सुजलेली असतात. "ताई, ह्यातलं कुठलं करू? सगळं केलंच पाहिजे का?" कागल, राधानगरी, गडहिंग्लजहून पहाटेची एसटी धरून उपाशीपोटी आलेल्या माणसाचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. ह्या तपासण्यांना उपाशी राहावं लागत नाही, हेही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

प्रोफाईलमध्ये सहसा आरए फॅक्टर (आमवाताची रक्तातली खूण), एएसओ, युरिक अ‍ॅसिड, अंगातला दाह मोजणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, आणि कधीकधी एएनए (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंगावर उलटते अशा रोगांची खूण) असतं. त्यातली एएसओ घशाला पूर्वी झालेल्या जंतुसंसर्गाची खूण दाखवते. ऱ्हुमॅटिक फिव्हरचा (घशाच्या संसर्गानंतर सांधे आणि हृदयाला त्रास देणाऱ्या तापाचा) संशय असलेल्या लहान मुलात ती उपयोगी पडते, पण पंचेचाळिशीच्या बाईच्या सुजलेल्या बोटांबद्दल ती काहीच सांगत नाही. युरिक अ‍ॅसिड गाऊटसाठी, म्हणजे क्षार साठून सांधा अचानक सुजतो त्या दुखण्यासाठी असतं, आणि ऐन झटक्यात तेही नॉर्मल येऊ शकतं. म्हणून प्रोफाईल बाजूला ठेवून एकेक जोडी समोरासमोर ठेवते.

सुईआधीची तपासणी

भिगवण हे पुणे जिल्ह्यातलं गाव. तिथे १९९६ पासून घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागातल्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमाचा तो भाग होता. प्रौढांमध्ये आमवाताचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं (ह्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते), प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं, म्हणजे हजारात पाच. दुखणं असलेली माणसं त्याच्या कितीतरी पट होती. ती दुखणी कामाची, वयाची, झिजेची होती. सांधा दुखतो म्हणून सरसकट प्रत्येकाचं रक्त ह्या तपासण्यांना लावलं, तर खऱ्या रोग्यांपेक्षा फुकट घाबरलेली माणसं जास्त निघतील.

म्हणून आधी घरच्या घरी तीन गोष्टी बघा. सकाळी बोटं मोकळी व्हायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागतो का? सूज कुठल्या पेरावर आहे? बोटाच्या मुळाशी, मधल्या पेरावर किंवा मनगटात असेल तर संशय घ्यावा. फक्त नखाजवळच्या पेरावर टणक गाठी असतील तर ती बहुधा झीज असते. आणि हे सगळं सहा आठवड्यांपेक्षा जास्त चाललंय का? नुकताच चिकुनगुनिया होऊन गेला असेल तर आमवाताची हुबेहूब नक्कल होते, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. हस्तांदोलन करताना दाबतो तसा पंजा बोटांच्या मुळाशी आडवा दाबला की कळ येते का, हे डॉक्टर बघतात. त्याला पाच सेकंदही लागत नाहीत. माझ्या मते वरच्या सगळ्या प्रोफाईलपेक्षा त्या दाबण्याला जास्त किंमत आहे.

आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी

आरए फॅक्टर जुना आहे. नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० मध्ये मेंढीच्या तांबड्या पेशी वापरून तो दाखवला. आज छोट्या लॅबमध्ये लॅटेक्सची स्लाईड असते. काळ्या स्लाईडवर सीरमचा एक थेंब टाकायचा, त्यात दुधासारख्या लॅटेक्सचा एक थेंब मिसळायचा आणि दोन मिनिटं स्लाईड हलकी डोलवायची. रव्यासारखे कण धरले तर पॉझिटिव्ह, दूध तसंच राहिलं तर निगेटिव्ह. तपासणी स्वस्त आणि झटपट आहे. पण कण धरले की नाही एवढंच ती सांगते, किती ते सांगत नाही. यंत्रावर केलेल्या तपासणीत आकडा मिळतो. तेव्हा आरए करायचंच असेल तर आकड्यातच मागा.

अँटी-सीसीपी हीसुद्धा आमवाताचीच रक्तातली खूण, पण त्यामानाने नवी आहे. १९९८ नंतर ती वापरात रुळत गेली. ती आरए फॅक्टरच्या काही पट महाग पडते, आणि तालुक्याच्या ठिकाणी नमुना बाहेर पाठवावा लागत असल्याने रिपोर्टला एक-दोन दिवस जास्त लागतात.

२००७ मध्ये जपानी संशोधकांनी ह्या दोन्हींवरचे अभ्यास एकत्र करून तुलना केली. अँटी-सीसीपीचे ३७ आणि आरए फॅक्टरचे ५० अभ्यास त्यात होते. आमवात असलेल्यांपैकी आरए फॅक्टर ६९ टक्क्यांना पकडतो, अँटी-सीसीपी ६७ टक्क्यांना. इथे दोघी बरोबरीत आहेत. फरक पडतो तो आमवात नसलेल्यांमध्ये. आरए फॅक्टर ८५ टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह येतो, अँटी-सीसीपी ९५ टक्क्यांना.

हेच माणसांत मोजून बघा. सांधे सुजलेली शंभर माणसं आली आणि त्यातल्या वीस जणांना खरोखर आमवात आहे असं धरू. आरए फॅक्टर त्यातले चौदा पकडेल, पण उरलेल्या ऐंशीतल्या बारा जणांवरही बोट ठेवेल. अँटी-सीसीपी तेरा पकडेल आणि चुकीचं बोट चौघांवरच ठेवेल. ते बारा कोण असतात? क्षयरोग, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी, हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग असलेले, किंवा नुसतं वय झालेले. क्षयरोगात क्वचित अँटी-सीसीपीही फसवते, म्हणून खोकला, ताप, घटलेलं वजन ह्यातलं काही असेल तर लपवू नका.

दोन्ही निगेटिव्ह येऊनही आमवात असू शकतो, आणि हे मी घरात पाहिलं आहे. माझी थोरली बहीण हुपरीत राहते, पैंजणांना घुंगरू बसवायचं काम करते. "बोटं आखडल्यात नुसती, मूठ वळंना" म्हणून ती आली तेव्हा तिचा आरए फॅक्टर मीच काढला होता. निगेटिव्ह आला. रिपोर्ट चुकीचा नव्हता, त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला. एका दवाखान्यात तो कागद बघून "वात नाही, कामामुळं दुखतंय" असं सांगितलं, आणि हात न धरताच गोळ्या लिहून दिल्या. अक्कानं वेदनाशामकांवर अकरा महिने काढले. दुसऱ्या डॉक्टरांनी पंजा दाबला, आठ लहान सांधे सुजलेले मोजले आणि अँटी-सीसीपी पाठवली. ती मर्यादेच्या दहापट आली.

२०१० चे अमेरिकन आणि युरोपीय संधिवात संघटनांचे निकष इथे लावून बघण्यासारखे आहेत. दहापैकी सहा गुण झाले की आमवात धरतात. चार ते दहा लहान सांधे असतील तर ३ गुण, सीआरपी किंवा ईएसआर वाढलेलं असेल तर १, सहा आठवडे झाले असतील तर १. अक्काचे इथवर पाच झाले. नुसत्या निगेटिव्ह आरए फॅक्टरवर ती पाचावरच अडकली असती. अँटी-सीसीपी मर्यादेच्या तिपटीहून जास्त म्हणून आणखी ३ गुण, एकूण आठ. रिपोर्टमध्ये आकडा का हवा ते ह्यावरून कळेल: कमी पॉझिटिव्हला २ गुण, जास्त पॉझिटिव्हला ३. मात्र हे निकष अभ्यासात सारखे रुग्ण एकत्र घेता यावेत म्हणून बनवलेले आहेत. पाच गुणांच्या माणसालाही आमवात आहे असं ठरवून उपचार सुरू करायचा अधिकार डॉक्टरांना आहे, आणि चांगले डॉक्टर तो वापरतात.

तर पैसे एकाच तपासणीपुरते असतील आणि सूज संशयाच्या जागी असेल, तर मी अँटी-सीसीपी म्हणेन. दोन्ही जमत असतील तर दोन्ही करा. सूज नाही, नुसतं अंग दुखतं, अशा वेळी दोन्ही नकोत. आणि एकदा ठळक पॉझिटिव्ह आली की दर तीन महिन्यांनी पुन्हा करू नका. रोग किती आटोक्यात आहे हे ह्या तपासण्या सांगत नाहीत.

ईएसआर आणि सीआरपी

आटोक्याचा अंदाज देतात त्या ह्या दोन. ईएसआर स्वस्त आहे, पण तिच्यावर फार गोष्टींचा परिणाम होतो. रक्त कमी असेल तर ती वाढते, वयानुसार वाढते, गरोदरपणात वाढते. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन नऊ-दहा असतं, त्यांची ईएसआर चाळीस आली तर त्यातली किती सांध्यांची आणि किती रक्त कमी असल्याची, हे कुणी सांगू शकत नाही. शिवाय नमुना साध्या तापमानाला चार तासांच्या आत लावावा लागतो. शाहूवाडीहून डब्यातून दुपारी शहरात पोहोचणाऱ्या नमुन्यावर तिचा भरवसा नाही, ती गावातच करून घ्यावी. सीआरपी नमुन्याच्या प्रवासात टिकते, आणि सूज ओसरली की दोन-चार दिवसांत खाली येते.

एककाकडे मात्र नीट बघा. एक काका चिडून आले होते. आधीचा रिपोर्ट दुसऱ्या लॅबचा होता, त्यात सीआरपी २.४ होती, आमच्यात १८ आली. "औषध घेऊन वाढली कशी?" जुना रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये होता, आमचा प्रति लिटरमध्ये. म्हणजे आधीची २४ होती, आता १८. काका औषध बंद करायच्या बेतात होते.

ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांवर उलटते त्या रोगात, गणित वेगळं आहे. रोग भडकला तरी सीआरपी बऱ्याचदा फारशी वाढत नाही, ईएसआर वाढते. ल्युपसच्या रुग्णाला ताप येऊन सीआरपी खूप वाढली तर जंतुसंसर्ग आहे का ते आधी बघतात. गावातून अनोळखी पुड्या घेत असाल तर तेही सांगा. त्यात स्टेरॉइड असेल तर सीआरपी आणि सूज दोन्ही दबलेली दिसतात.

एएनए: एलायझा की इम्युनोफ्लुरोसन्स

एएनए तपासायच्या ह्या दोन पद्धती. एलायझावर एक आकडा येतो. इम्युनोफ्लुरोसन्समध्ये अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रकं हिरवी उजळलेली दिसतात, कुठे एकसारखी भरलेली, कुठे ठिपक्याठिपक्यांची. त्या नक्षीवरून पुढची तपासणी ठरते, म्हणून अमेरिकन संधिवात संघटना हीच पद्धत प्रमाण मानते. चिठ्ठीवर नुसतं एएनए लिहिलेलं असेल तर पद्धत विचारून घ्या.

पण पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस नव्हे. १९९७ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात निरोगी माणसांपैकी १:४० ला (म्हणजे सीरम चाळीसपट पातळ करून तपासल्यावर) सुमारे ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के पॉझिटिव्ह निघाले. २०१९ च्या ल्युपसच्या निकषांत १:८० ही नुसती दारातली अट आहे, आत गेल्यावर लक्षणांचे आणि इतर तपासण्यांचे मिळून दहा गुण व्हावे लागतात. तोंडात फोड, उन्हानं चेहऱ्यावर चट्टे, गळणारे केस, बोटं थंडीत पांढरी-निळी पडणं, ह्यातलं काहीच नसताना एएनए करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ल्युपसचा खरा संशय असेल तर लघवीची साधी तपासणी आधी करा. मूत्रपिंडाला इजा होत असली तरी दुखत नाही, लघवीतलं प्रथिन मात्र दिसतं. इतकी स्वस्त तपासणी चिठ्ठीवरून राहून जाते ह्याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

एक्स-रे की सोनोग्राफी

एक्स-रे झालेलं नुकसान दाखवतो, सुरुवातीला तो नॉर्मलच येतो. पहिला म्हणून काढायचा तर हातांसोबत पायांचाही काढा, हाड खायला कधीकधी पायाच्या करंगळीच्या मुळापासून सुरुवात होते. सोनोग्राफी बोटाला न लागणारी सूजही दाखवते, पण ती करणारा हात सरावाचा हवा. निदानात शंका असेल तेव्हा ती उपयोगी पडते. उपचार चालू असताना दर खेपेला ती करण्याची गरज नाही. नॉर्वेतल्या २०१६ च्या चाचणीत नीट सांधे तपासून केलेल्या उपचाराला सोनोग्राफीची जोड देऊनही ठळक फायदा दिसला नाही.

पुण्याला जावं की इथेच दाखवावं

हा प्रश्न काउंटरवर दबक्या आवाजात विचारला जातो. ग्लासगोमध्ये २००४ साली ११० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना दर महिन्याला बोलावून, सांधे मोजून, आकडा उतरत नसेल तर औषध वाढवलं. निम्म्यांचा नेहमीसारखा उपचार चालला. अठरा महिन्यांनी पहिल्या गटात ६५ टक्के रुग्णांचा रोग शांत झाला होता, दुसऱ्यात १६ टक्के. त्यामुळे सव्वादोनशे किलोमीटरवरचे नामवंत डॉक्टर सहा महिन्यांनी एकदा, आणि कोल्हापुरातले दर महिन्याला सांधे मोजणारे डॉक्टर, ह्यांत मी दुसरे निवडीन. निदान पक्कं करायला एकदा मोठ्या शहरात संधिवाततज्ज्ञांकडे जाऊन या, ते योग्यच आहे. मोजणी मात्र जवळ व्हावी.

मोजायच्या दोन पद्धती आहेत. डीएएस-२८ मध्ये ईएसआर किंवा सीआरपी लागते आणि सूत्र कॅल्क्युलेटरवर घालावं लागतं. सीडीएआय नुसती बेरीज आहे: अठ्ठावीस सांध्यांपैकी दुखरे किती, सुजलेले किती, रुग्णाच्या मते त्रास दहापैकी किती, डॉक्टरांच्या मते किती. बावीसच्या वर म्हणजे रोग जोरात, दहा किंवा खाली म्हणजे कमी, २.८ किंवा खाली म्हणजे शांत. रक्त कमी असलेल्या बाईसाठी मला सीडीएआय जास्त प्रामाणिक वाटते, आणि तिला लॅबचा खर्च नाही. दोन्हींत पावलं मोजली जात नाहीत, ती स्वतःहून दाखवा.

अक्काच्या वहीत पहिल्या पानावर १२, ८, ७ आणि ६ आहेत, बेरीज ३३. गेल्या महिन्यात २, १, २ आणि १ झाले, बेरीज ६. मूठ वळते. सुजलेला तो एक सांधा उजव्या मनगटाचा आहे, आणि त्याच्यासाठी डॉक्टरांनी पुढची तारीख पुन्हा महिन्यावरच दिली आहे.